ओवाळणीत डोळे मागितले

माझा धाकटा भाऊ कंपनीची बस चालवायचा. सकाळी निमोण्यातून निघायचं, वाटेतल्या गावांतून कामगार गोळा करायचे आणि सणसवाडीला कंपनीच्या गेटवर सोडायचे. आपल्या नजरेचा त्याला भारी तोरा. समोरून येणाऱ्या गाडीचा नंबर तो सगळ्यांच्या आधी वाचायचा आणि मग आमच्याकडं असा बघायचा, जसं काही आम्हीच आंधळे.

मला त्या तोऱ्याची भीती वाटायची, कारण असाच तोरा आमच्या आबांचा, म्हणजे वडिलांचा, होता. आबांनी तरुणपणी मेंढरं राखली, पाण्याची सोय झाल्यावर शेती धरली. म्हातारपणीसुद्धा लांबच्या बांधावर चरणारं मेंढरू कुणाचं आहे, हे ते कानावरच्या खुणेवरून सांगायचे. आणि तेच आबा घरात शिरताना चौकटीला खांदा धडकवायचे, दारातल्या घागरीला ठेचकाळायचे. लोक हसायचे. गळ्यात माळ घालणाऱ्या, चहापलीकडं कशाची सवय नसलेल्या माणसाला, "काय आबा, आज जास्त झाली वाटतं?" असं विचारायचे. आबाही त्यांच्याबरोबर हसायचे.

मग समोरचंही दिसेनासं झालं, तेव्हा त्यांना पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब आतल्या नसेला मारत राहतो, नजर कडेकडेनं जाते आणि माणसाला पत्ताही लागत नाही. मोतीबिंदूसारखं हे काढून टाकता येत नाही. गेली ती नजर गेलीच. आबा शेवटची वर्षं आमच्या आवाजावर जगले. नातीचं तोंड हातानं चाचपून बघायचे आणि रडायचे. ते आठवलं की मला रडू येत नाही, राग येतो.

आबा गेल्यावर काही वर्षांनी मला सुईत दोरा ओवता येईना. मी राहू गावात दिलेली. दौंडला कामानिमित्त गेले होते, म्हटलं चष्म्याचा नंबर काढून यावा. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, घरात कुणाला काचबिंदू होता का? मी आबांचं सांगितलं. बाईंनी नंबराचं बाजूला ठेवलं, डोळ्यांचा दाब मोजला, थेंब टाकून बाहुली मोठी केली आणि आतली नस पाहिली.

"सुरुवात झालीय," त्या म्हणाल्या.

"पण मला सगळं दिसतंय की."

"दिसतंय तोवर आलात, हेच बरं झालं. आता थेंब चुकवायचे नाहीत आणि तपासणी चुकवायची नाही. आणि सख्ख्या भावंडांना आधी तपासून घ्यायला सांगा. हे घराण्यात उतरतं."

तेव्हापासून देवाला दिवा लावला की मी डोळ्यांत थेंब घालते. काही दुखत नाही, खुपत नाही, तरी घालते. आणि त्याच दिवसापासून मी भावाच्या मागं हात धुऊन लागले.

"आक्का, मला काय धाड भरलीय?" तो फोनवर म्हणायचा. "कंपनी दर सालाला डोळं तपासती. तक्त्यावरची खालची ओळ वाचतो मी."

"आरं, तक्ता समोर असतो. समोरचं आबांनाबी दिसत हुतं."

"आबांचं वय झालं हुतं. ठेव आता, गाडी काढायचीय."

पुढं पुढं तो माझा फोन उचलेना. मग भावजय एकदा दबक्या आवाजात बोलली, "वन्सं, बस दोनदा डाव्या अंगानं घासलीय. हे म्हणत्यात, मोटरसायकलवाला मधी घुसला." त्या बसमध्ये लोकांची लेकरं असायची. कुणी बिहारचं, कुणी लातूरचं, पाळीहून परतताना खिडकीला डोकं टेकून झोपलेली. हा गडी मोटरसायकलवाल्यांना शिव्या देत होता आणि मला खात्री होती की मोटरसायकल आधीपासून तिथंच होती, यालाच ती दिसली नव्हती.

त्या दिवाळीला मी ठरवूनच माहेरी गेले. भाऊबीजेला तो नवा शर्ट घालून, डोक्यावर टोपी चढवून पाटावर बसला. मी टिळा लावला, अक्षता टाकल्या, सुपारी-अंगठीनं ओवाळलं आणि निरांजनाचं ताट हातात घेतलं. दरवर्षीसारखं भराभरा नाही फिरवलं.

"माझ्या कुंकवाकडं बघ," मी म्हटलं. "नजर हलवायची न्हाई. दिवा दिसायचा थांबला की सांग."

"आता ह्यो काय नवीन खेळ?" तो हसला. पण भावजय आणि भाची बघत होत्या, म्हणून ऐकलं.

उजवीकडून दिवा वर गेला. "दिसतोय." डोक्यावरून पलीकडं गेला. "दिसतोय." मग मी ताट हळूहळू त्याच्या डाव्या कानाकडं उतरवत नेलं. तो माझ्या कुंकवाकडंच बघत राहिला. मग म्हणाला, "दिवा इजला का गं?"

"आप्पा, दिवा चालूच हाय," भाची म्हणाली.

त्यानं मान वळवली. दिवा त्याच्या खांद्याशेजारी चांगला तेवत होता. त्याचा चेहरा उतरला तो मी कधी विसरणार नाही. त्यानं घाईघाईनं खिशातून पाकीट काढलं आणि ताटात टाकायला हात पुढं केला. मी ताट मागं घेतलं.

"पैसे नकोत. उद्या माझ्यासंगं शिरूरला डोळं तपासायला यायचं. हीच माझी ओवाळणी."

आमच्याकडं ओवाळणी पडल्याशिवाय भाऊ पाटावरून उठत नाही. तो उठेना, मी ताट ठेवेना. शेवटी खाली मान घालून तो म्हणाला, "आन् डॉक्टरनं स्टेरिंग काढून घेतलं तर? मला दुसरं काय येतंय, आक्का?"

म्हणजे त्याला कळलं होतं. कधीपासून, कोण जाणे. मला त्याची दया आली, पण मी ताट ढळू दिलं नाही. "स्टेरिंग गेलं तर बघू. डोळं गेल्यावर कुणाच्या खांद्यावर हात ठिवून चालशील? आबांसारखं?"

"येतो," तो म्हणाला.

शिरूरच्या दवाखान्यात त्याला एका मशीनसमोर बसवलं. आत पांढरी वाटी, तिच्यात समोर टक लावायचं आणि कडेनं बारीक उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. मी बाजूच्या बाकावर बसून त्याचा अंगठा बघत होते. एका डोळ्याच्या वेळी अंगठा हलत होता, थांबत होता, पुन्हा हलत होता. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी तो जवळजवळ हललाच नाही.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. डावा डोळा बराच गेलेला. उजवा अर्ध्या वाटेवर, पण धरून ठेवता येण्यासारखा. मी दिव्याची गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "ताई, दिव्याला कळलं म्हणजे उशीरच झाला. सुरुवातीचं दिव्याला कळत नाही, माणसाला तर नाहीच. त्याला तपासणीच लागते." एकाच आईबापाची आम्ही दोघं. मी चष्म्याच्या निमित्तानं वेळेत गेले म्हणून माझी नजर शाबूत, आणि तो काही होत नाही म्हणून गेला नाही. हे मला आजही गिळवत नाही.

बस चालवणं सुटलं. पुढचे काही महिने तो माझ्याशी धड बोलला नाही. थेंब घालतो का, हे मी भाचीला फोनवर विचारायची. तो मला उद्देशून मोठ्यानं म्हणायचा, "घातलं म्हणावं, घातलं!" मला चालत होतं. राग धरू दे, पण थेंब घालू दे. कंपनीनं त्याला गेटवर बसगाड्यांच्या वेळा बघायला ठेवलं, पगार कमी झाला. भावजयीनं एका शब्दानं मला बोल लावला नाही, उलट भाचीला स्वतः तपासून आणलं. आता ती दर वर्षी जाणार.

यंदाच्या दिवाळीच्या तोंडावर भावाची पुन्हा त्या मशीनवर तपासणी होती. मला बोलावलं नाही. एकटाच जाऊन आला. काय निघालं तेही फोनवर सांगितलं नाही, आणि मी भाऊबीजेपर्यंत जीव मुठीत धरून राहिले.

पाटावर बसल्याबरोबर तोच म्हणाला, "हळू फिरीव, आक्का. गेल्या वक्तासारखं." आणि माझ्या कुंकवाकडं बघत राहिला.

दिवा डाव्या कानाकडं उतरला. "गेला," तो म्हणाला. मी ताट तसंच पुढं आणत राहिले. दिवा डाव्या भुवईच्या टोकाशी आल्यावर तो म्हणाला, "आला. डॉक्टर म्हणलं, जितं हुतं तितंच हाय. तसूभर हाललं न्हाई."

मग त्यानं खिशातून पाकीट काढलं, ताट कुठं आहे ते नीट मान वळवून बघितलं आणि ओवाळणी टाकली. या वेळी मी ती घेतली.