तुर्कांचा पिंजरा आणि आमचा मांगर

माझी नात कॉलेजात इतिहास शिकते. गेल्या मे महिन्यात ती पडवीत मोठ्याने वाचत बसली होती. मी कोकमासाठी रातांबे फोडत होते. धाकटा दीर पायरीवर जेवत होता.

तुर्कांच्या राज्याचा धडा होता. नवा सुलतान गादीवर बसला की सख्ख्या भावांना मारायचा. राजघराण्याचं रक्त सांडायचं नाही म्हणून दोरीने गळा आवळत. पुढे मारायचं सोडून त्यांना राजवाड्यातच कोंडू लागले. त्याला पिंजरा म्हणत. खायला-प्यायला मिळे, पण मूल होऊ देत नसत, नाहीतर गादीला वाटेकरी. एकाला बऱ्याच वर्षांनी गादीवर बसवायला बाहेर काढलं, तर त्याला वाटलं, मारायलाच आलेत.

"शी, कसली माणसं गो आजी," नात म्हणाली.

मला ती माणसं समजली होती.

आमची आंब्याची बाग दोघा भावांच्या नावावर. सासरे गेले तेव्हा दीर पंचविशीचा होता. केळशीहून मुलगी सांगून आली. मध्यस्थ आधी माझ्याकडे चहाला बसला. मी त्याला सांगितलं, भावजींना फिट येते. त्यांना कधी साधा तापही आला नव्हता. गोष्ट पसरली, पुन्हा कोणी विचारायला आलं नाही. नवरा एवढंच म्हणाला, "बागेचे तुकडे वाचले." दिराला राखणीला बागेतल्या मांगरात ठेवलं. मांगर म्हणजे अवजारं ठेवायची खोपी. दोन वेळचं ताट मी चुकवलं नाही.

आता नवरा नाही. मुलाला अख्खी बाग हॉटेलवाल्याला विकायची आहे आणि त्याला काकाची सही हवी. नात आत गेल्यावर मी कागद पुढे केला.

"भावजी, सही करा. तुम्हाला मूल ना बाळ, कुणासाठी ठेवणार?"

त्यांनी हात धुतले.

"मूल का नाही, वहिनी?"

मी पुढचा रातांबा उचलून फोडला.

"मध्यस्थाने मला तेव्हाच विचारलं होतं, फिटेवर औषध कुणाचं घेतोस म्हणून."

"मग बोलला नाहीत?"

"ताट बंद झालं असतं. आता ताट तुमची सून वाढते." त्यांनी कागद न उघडता परत दिला. "मी तुमच्यापेक्षा सात वर्षांनी लहान आहे. तुम्ही गेलात की बघू."

पस्तावले असं म्हणणार नाही. कागद कपाटात पडला आहे. दीर रोज जेवायला येतात. मला खोकल्याची उबळ आली की घास हातात धरून थांबतात आणि ती संपेपर्यंत बघतात.