नळीतला रंग आणि मेथीचे लाडू

सासऱ्यांना मधुमेह निघाला तेव्हा आम्ही नाशकात नवीनच होतो. नवऱ्याची नोकरी अंबडच्या कारखान्यात. सासरे मनमाडला रेल्वेत गार्ड होते, निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनला ते तयार होते, डॉक्टर नव्हते. साखर खाली आल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, पेपर स्वतः वाचायचा होता. माझी मुलगी वाचून दाखवायची, पण सिनेमाच्या जाहिरातींपासून सुरू करून बहुधा तिथेच संपवायची.

तेव्हा घरी साखर बघायची म्हणजे काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं चालेल, पिवळं वाईट, विटेसारखं लाल झालं की डॉक्टरांकडे. हे काम माझ्याकडे होतं. मी ते मोरीच्या कट्ट्यावर करायची आणि मामा दारातून विचारायचे, "सिग्नल काय?"

गोळ्या सुरू होत्याच. शेजारच्या शिक्षिकाबाईंनी मेथ्या सुचवल्या. चमचाभर रात्री भिजवायच्या, सकाळी चावून खायच्या आणि वर ते पाणी प्यायचं. मामांनी तोंड वाकडं करत, पण नेमानं खाल्ल्या. महिन्याभरात नळी हिरवी यायला लागली. गोळ्यांनी, पथ्यानं की मेथीनं, ते मला सांगता येईना. मामांनी ठरवून टाकलं, मेथीनंच. कॉलनीत भेटेल त्याला सांगत सुटले. मनमाडला लेकीलाही माझ्याकडून पत्र लिहवून घेतलं.

थंडी पडली आणि नळी पिवळी झाली. मग नारिंगी, मग लाल. ऑपरेशन तोंडावर आलेलं. मी गोळ्या तपासल्या, चहा माझ्याच हातचा द्यायला लागले, चोरून काही देतेस का म्हणून मुलीला दरडावलं. काही सापडेना. शेवटी झाडताना खाटेखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा केरसुणीला लागला. आत मेथीचे लाडू. वडिलांना मेथी लागू पडली म्हणून नणंदेनं येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवलेले. मामा रोज सकाळी दोन खात होते.

लपवले का, असं विचारल्यावर म्हणाले, लपवले नाहीत, औषध आहे, पोरांच्या हाती लागायला नको.

"मामा, यात गूळ आहे."

"तो मेथीला धरून ठेवायला. नाहीतर लाडू वळणार कसा?"

डॉक्टर बराच वेळ हसले. मेथीचा थोडा फायदा होतही असेल, खुशाल खा, म्हणाले. पण गोळी सोडायची नाही आणि लाडू बंद. ऑपरेशन दोन-तीन महिने पुढे गेलं. मी नणंदेला सगळं कळवलं. तिनं उलट टपाली विचारलं, गुळाऐवजी खजूर घालू का?

मेथ्या चालू राहिल्या, डबा रिकामा झाला, नळी पुन्हा हिरवी झाली. उन्हाळ्याच्या तोंडाशी एक डोळा झाला. जाड भिंगाचा चष्मा आला त्या सकाळी मामांनी आधी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. मग मोरीपाशी आले, माझ्या हातातून नळी घेतली आणि खिडकीसमोर धरली.

"हिरवा," मी म्हणाले.

"हिरवा कुठला? पोपटी आहे हा. इतके दिवस तू पोपटीवर गाडी सोडत होतीस?"

आणि दुपारी आपल्या ताटातली आंब्याची फोड त्यांनी स्वतः उचलून नातीच्या ताटात टाकली.