टाचेशी धरलेला हीर

लेक पुण्यात असते. दर रविवारी फोनवर विचारते, "आप्पा, येऊ का?" आणि दर रविवारी मी म्हणतो, "कशाला? माझं काय अडलंय हितं?"

अडली होती ती चप्पल. बायकोनं आणलेली शेवटची, चार ठिकाणी शिवलेली. लेक म्हणाली, बूट मागवते, नंबर सांगा. चप्पल उलटी करून बघितली, आठ. बूट आमच्या गावी, नंदिगड्ड्याला पोचले, घातले, आणि करंगळीनं बोंब ठोकली. परत धाडले. दुसऱ्या कंपनीचा आठ एवढा ढगळ, की पाय पुढं अन् बूट मागं. "प्रत्येक कंपनीचा आठ वेगळा असतो, आप्पा." मग नंबर घालता कशाला, शोभेला?

आमच्या पायाला नंबर कधी नव्हताच. रामनगरच्या बाजाराला जाणाऱ्याकडं खराट्याचा हीर द्यायचा, पायाएवढा मोडलेला. दुकानदार तो चपलेवर धरून बघायचा. माझा हीर कायम बायको मोडायची. मी दारात ताठ उभा, ती खाली बसून एक टोक टाचेशी धरणार, अंगठ्यापाशी नखानं कट्‌कन मोडणार. वर म्हणणार, "पाय हायत का फळ्या!" मी चिडायचो. तिला जाऊन दोन पावसाळे झाले.

लेक म्हणाली, मग हिरानंच मोजा, पट्टीवर किती सेंटीमीटर भरतंय ते कळवा. त्यात काय मोठं, म्हटलं. वाकलो, तर टाच उचलली. टाच टेकवली, तर हात अंगठ्याला पुरेना. बसून मोजलं, तर माप आखूड. तीन हीर मोडले, तिन्ही वेगळे. शेजारी हायत, चांगली माणसं हायत, पण माझ्या पायाशी बसा असं कुणाला सांगू? असा भडकलो की खराट्याची दोरी सोडून अख्खा खराटा अंगणात भिरकावला. मग पायरीवर बसून रडलो. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी लेकीचा फोन. "भरलं का माप?"

"न्हाई भरलं," मी म्हणालो. "माप घ्यायला दुसरं माणूस लागतंय, बाळ. तू ये."

 पलीकडं ती नाक ओढून म्हणाली, "शनिवारी येते. हीर ठेवा."

फोन ठेवला आणि अंगणात विखुरलेले हीर वेचायला लागलो.