बाईंच्या बोटाखालची पेटी

मी नाटकाचं संगीत वाजवते असं सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, "अरे वा, कुठलं वाद्य?" मी सांगते, "बटण." मग तो कसनुसा हसतो आणि विषय बदलतो. बदलू दे. माझ्या वडिलांनी बटणच दाबलं, मीही बटणच दाबते, आणि आम्हा दोघांइतकं वेळेवर बटण दाबणारी माणसं या मुंबईत किती आहेत ते मला चांगलं ठाऊक आहे. फार नाहीत.

नाटकात दाराची बेल वाजते, फोन वाजतो, प्रसंग संपताना सतार छेडली जाते. हे सगळं आधी रेकॉर्ड केलेलं असतं. विंगेत एका टेबलाशी बसून कोणीतरी ते नेमक्या क्षणी सोडायचं असतं. नटाने रिसीव्हर उचलल्यावर फोनची घंटी वाजली तर अख्खं थिएटर हसतं, आणि हसलं की तो प्रसंग गेला. वेळेवर वाजलं तर मात्र तिथे कोणी बसलं आहे हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. आमच्या कामाला मिळणारी शाबासकी ती एवढीच.

बाबा मूळचे गिरणीतले. साचेखात्यात, म्हणजे जिथे कापड विणलं जायचं तिथे, ते साचे चालवायचे. गिरणीचं नाटक मंडळ होतं, कामगारांच्या स्पर्धांत उतरायचं. त्याचं संगीत बाबाच वाजवायचे, भल्यामोठ्या स्पूलच्या टेपरेकॉर्डरवर. मग संप झाला आणि गिरणी गेली ती गेलीच. लालबागच्या आमच्या चाळीत कोणाचे वडील वॉचमन झाले, कोणी पदपथावर भाजी लावली, कोणी घर बंद करून गावी निघून गेले. बाबांकडे टेपरेकॉर्डरवरचा हात होता आणि तो व्यावसायिक नाटकवाल्यांनी स्पर्धांमध्ये पाहिलेला होता. ते दादर-गिरगावच्या नाट्यगृहांमध्ये विंगेत बसायला लागले आणि आमचं घर उभं राहिलं. चाळीत मी नाक वर करून चालायचे. अजूनही चालते.

गिरणीतली एक गोष्ट ते सारखी सांगायचे. त्यांच्या खात्याची रीत होती, पाळी बदलताना साचे थांबवायचे नाहीत. भोंगा झाला तरी पुढच्या पाळीचा माणूस येऊन साच्याला हात लावेपर्यंत आधीच्याने जागचं हलायचं नाही. त्याने हात लावला की याची पाळी सुटली. संपाच्या वेळी मात्र साचे बंद करूनच सगळे बाहेर पडले, आणि बाबांच्या साच्याला हात लावायला कोणी आलंच नाही. यावर ते आपल्या मालवणीत थट्टा करायचे, "माझी पाळी अजून सुटाक नाय गो." आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत.

शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्या मागे स्टुलावर बसायचे. स्पूल जाऊन कॅसेट आली, कॅसेट जाऊन सीडी आली, सीडी जाऊन लॅपटॉप आला, तोवर मी पस्तिशीला टेकले होते आणि बाबांचे हात थरथरायला लागले होते. टेपरेकॉर्डरचा खटका दणकट होता, त्याला थरथर कळायची नाही. लॅपटॉपला कळते. त्यांच्या बोटाखाली एकदा दाबलेलं बटण दोनदा दाबलं जायचं आणि बेल वाजता वाजता पुन्हा पहिल्यापासून वाजायची. मग एक दिवस त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. पण दादरचा प्रयोग असला की ते लालबागहून बस पकडून यायचे आणि माझ्या मागे बसायचे. मॅनेजर चेष्टा करायचा, "काय काका, अजून लेकीवर विश्वास नाही वाटतं?" बाबा म्हणायचे, "चहा बरो मिळता हयसर."

त्या वर्षी आमचं जे नाटक जोरात चालू होतं, त्याचा सगळा जीव एका पेटीत होता. नाटकातली गाणारी बाई घरातल्या एका भांडणानंतर पेटी बंद करून ठेवते ती वर्षानुवर्षं उघडत नाही. दुसऱ्या अंकात, घरात कोणी नसताना, ती पेटी पुढे ओढते, भाता मोकळा करते आणि काळी दोनवर बोट ठेवते. संवाद नाही, काही नाही. तो एक सूर लागतो आणि बायका पदर डोळ्याला लावतात.

ही भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्रीला आम्ही सगळे बाई म्हणायचो. बाईंना पेटी अजिबात वाजवता येत नव्हती. स्टेजवरची पेटी आतून रिकामी होती. सूर माझ्याकडून यायचा, बाईंच्या बोटाखाली बोट घालून. प्रेक्षकांत संगीत शिकलेली माणसं असायची, तीसुद्धा प्रयोगानंतर बाईंना विचारायची, "पेटी कोणाकडे शिकलात?" बाई माझ्याकडे बघून डोळा मारायच्या.

आणि लॅपटॉप मेला. मदरबोर्ड गेला, दुरुस्ती नाही, असं ग्रँट रोडच्या दुकानात सांगितलं. नवा घेतला तर त्यात नवी ऑपरेटिंग सिस्टिम. आमचा बेल-फोन-सतार ओळीने सोडणारा जुना प्रोग्रॅम तिच्यावर चढेना. त्याची नवी आवृत्ती शोधून घातली, ती चढली. मग आवाज बाहेर काढणारी आमची साउंड कार्डाची डबी त्या सिस्टिमला ओळखू येईना, कारण ती बनवणाऱ्यांनी जुन्या डब्यांचा विचार करणं सोडून दिलं होतं. शेवटी लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातूनच वायर काढली. घरी बसून मी एकेक आवाज वाजवून पाहिला. सगळे वाजले. मी खूश होऊन लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं.

रविवारी दुपारी दादरला प्रयोग होता. बाहेर हाऊसफुल्लचा बोर्ड लागला होता. बाईंचा नेम असा, की मेकअपला बसण्याआधी पडदा पाडलेला असताना त्या एकदा पेटीवर बोट ठेवून बघायच्या. त्यांनी ठेवलं. मी बटण दाबलं. क्षणभर काहीच नाही, आणि मग सूर आला.

बाईंनी बोट उचललं, पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. मला म्हणाल्या, "पेटी माझ्या मागून येतेय गं आज."

उशीर किती? पापणी लवायला लागतो तेवढा. बेलला तो चालून गेला असता. पण बोट सुरावर आहे आणि सूर नाही, हे त्या शांततेत मागच्या रांगेतल्या माणसालाही दिसलं असतं. ही बाई वाजवत नाही, हे कळलं की तिचं रडणंही खोटं वाटणार. घरी मी आवाज येतो का ते पाहिलं होतं, कधी येतो ते पाहिलं नव्हतं. मी सेटिंगमध्ये शिरले. उशीर कमी केला की सुरात तडतड यायची, तडतड घालवली की उशीर परत हजर. मी लॅपटॉपला आणि तो बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांना यथेच्छ शिव्या दिल्या.

मॅनेजर धावत आला. "आजच्यापुरतं पेटीचं काढून टाकू. बाई नुसत्या पेटीकडे बघतील."

"मी शोकेसमधली भांडी बघायला आलेय का?" बाई कडाडल्या.

मॅनेजर माझ्याकडे वळला. "आणि पुढच्या प्रयोगापासून मी स्टुडिओतला माणूस आणतो. त्यांच्याकडे सगळं लेटेस्ट असतं." हे तो माझ्या वडिलांसमोर बोलला, त्यांनीच उभ्या केलेल्या टेबलाशी. माझ्या कानशिलातून वाफा निघाल्या. पण तोंड उघडायची सोय नव्हती, कारण पेटी उशिरा येत होती हे खरंच होतं.

बाबा स्टुलावरून उठले. "बाईनू, एकदा परत ठेवा बघू बोट." बाईंनी हात उचलला. तो अजून हवेत असतानाच बाबांनी बटणावर बोट टेकवलं. सूर नेमका बाईंच्या बोटाखाली लागला. आणि लगेच थरथरीने दुसऱ्यांदा लागला, अडखळल्यासारखा. पण पहिला लागला होता. बाईंनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं.

"ह्यो तर आमचो स्पूलच," बाबा म्हणाले. "मोटारीक स्पीड पकडूक येळ लागता. आधी दाबूचा लागता." त्यांचं सगळं आयुष्य उशिरा सुरू होणाऱ्या मशिनवर गेलं होतं. माझा हात शिकला तोवर मशिनं शहाणी झाली होती, दाबलं की वाजणारी. नव्या सिस्टिमने इतकी वर्षं पुढे जाऊन पुन्हा स्पूल गाठला होता, आणि तो चालवणारा माणूस माझ्या मागे चहा पीत बसला होता.

"पण आधी म्हणजे कधी?" मी विचारलं. "बोट खाली येणार हे मला कसं कळणार?"

"बोटाकडे बघू नको. खांद्याकडे बघ. बोट निघाच्या आधी खांदो हलता."

मी दोनदा करून पाहिलं. एकदा सूर बोटाच्याही आधी आला, एकदा मागून. तिसऱ्यांदा करायला वेळ नव्हता, बाईंना मेकअपला जायचं होतं. जाताना त्या बाबांना म्हणाल्या, "तुम्ही आहात ना इथे?" बाबांनी मान हलवली.

आम्ही असं ठरवलं की बाबा खांदा बघणार आणि माझ्या पाठीवर टिचकी मारणार, टिचकी लागली की मी दाबणार. टिचकी माझ्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ धरून ते आणखी आधी मारणार. हे ऐकून मॅनेजरने देवाच्या फोटोला नमस्कार केला. नारळ फुटला, तिसरी घंटा झाली आणि पडदा वर गेला.

पहिल्या अंकात आम्ही बापलेक एका माणसासारखे वागलो. टिचकी, बेल. टिचकी, फोन. नोकराच्या हातून पुठ्ठ्याचं ताट पडतं तिथे मला वाटलं टिचकी फारच लवकर आली, पण ताट जमिनीवर आणि आवाज कर्ण्यात एकदमच आदळले. मी कोणाचे खांदे बघितलेच नाहीत असं नाही. पहिल्यांदा चोरून बघत होते, मग उघड बघायला लागले. इतकी वर्षं त्याच नटांना त्याच विंगेतून बघत होते, पण दाराकडे जाणारा माणूस पाय उचलण्याआधी श्वास घेतो हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मध्यंतरात बटाटेवडा आला, मी खांदेच आठवत बसले. बाबांनी माझाही खाल्ला.

दुसरा अंक. बाई एकट्या. त्यांनी पेटी पुढे ओढली, झाकण उघडलं, भाता मोकळा केला. थिएटरमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. माझ्या पाठीवर बाबांचा हात टेकलेला होता, तो हलका हलका थरथरत होता. मी बाईंच्या खांद्याकडे बघत टिचकीची वाट बघत होते. बाईंनी श्वास घेतला. खांदा हलला. टिचकी आली नाही.

मी दाबलं.

काळी दोन बाईंच्या बोटाखाली लागली. नेमकी, जराही इकडे नाही, तिकडे नाही. कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेत कोणीतरी नाक ओढलं, आणि बाई रडल्या त्या खऱ्याच रडल्या असाव्यात.

प्रसंग संपून अंधार झाला तशी मी मागे वळले. माझ्या पाठीवर हात नव्हता. तो कधी निघाला ते मला कळलंच नव्हतं. मी दबक्या आवाजात खेकसले, "टिचकी का नाही मारलीत? गेलं असतं ना सगळं!"

बाबा स्टुलावर दोन्ही हात मांडीवर ठेवून निवांत बसले होते. म्हणाले, "तू हात लावलंस मां? मगे माझी पाळी सुटली."

मला पुढची बेल द्यायची होती म्हणून रडता आलं नाही. वेळेवर दिली.

स्टुडिओतला माणूस आला नाही. मॅनेजरने तो विषय पुन्हा काढला नाही आणि मीही त्याला काढू दिला नसता. त्यानंतर सिस्टिम आणखी कितीदा बदलली, प्रोग्रॅम आले नि गेले, कुठला लवकर वाजतो, कुठला उशिरा. मी दर वेळी नाट्यगृहात जाऊन आधी त्याचा उशीर किती ते बघते आणि मग खांद्यांकडे बघत बसते. अजून एकदाही कोणी हसलेलं नाही, आणि हे मी छाती पुढे काढून सांगते.

दादरच्या पुढच्या प्रयोगाला बाबा आले, पण विंगेत आले नाहीत. त्यांनी मॅनेजरकडे पास मागितला आणि समोर जाऊन बसले. जन्मभर नाटकं बाजूने बघितलेला माणूस, प्रत्येक नटाचा एकच गाल ठाऊक असलेला. घरी जाताना बसमध्ये ते खुशीत होते. बाईंचा दुसरा गाल पहिल्यांदाच पाहिला म्हणाले, नाटक चांगलं आहे म्हणाले, मध्येच थोडं लांबतं म्हणाले.

मी बराच वेळ वाट बघितली. मग न राहवून विचारलंच, "आणि पेटी?"

"खंयची पेटी?" बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "माका तर वाटला, बाईच वाजवतत."