बिनपायाचं घर

लंकाआत्याला निरोपाची शाल आणि नारळ मिळाला त्याच दुपारी नवी नर्सबाई आपली ट्रंक घेऊन क्वार्टरच्या दारात येऊन उभी राहिली. तिचं काही चुकलं नव्हतं. तिला हजर व्हायला सांगितलं होतं, ती झाली. आत्याने तिला आत बसवलं, चहा करून दिला आणि मला म्हणाली, "गोरख, भांडी राहू दे. आधी खाट बाहेर काढ. तिला पाठ टेकायला जागा व्हायला नको का?"

मी वारूळवाडीहून ट्रॅक्टर आणि ट्रॉली घेऊन गेलो होतो. आत्याचा सगळा संसार अर्ध्या ट्रॉलीत मावला. उरलेल्या जागेत ती स्वतः बसली, शाल गुंडाळून मांडीवर घेतलेली.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न झाल्यावर वर्षाच्या आत नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडलं आणि पुन्हा न्यायला आलाच नाही. काही वर्षं ती आमच्या घरात राहिली. मग पुण्याला जाऊन नर्सचं शिक्षण घेतलं आणि उभा जन्म आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात काढला. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, पार आहुप्यापर्यंत पायी फिरून तिने बाळंतपणं केली, पोरांना डोस पाजले आणि मिळेल त्याच्याशी भांडली. दारू पिऊन बायकोला दवाखान्यात न नेणाऱ्या नवऱ्याशी, उशिरा येणाऱ्या डॉक्टरशी, न थांबणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरशी. तिला स्वतःचं घर करायला जमलं नाही. बदली होईल तिथे क्वार्टर, क्वार्टर नसेल तिथे भाड्याची खोली. एकट्या बाईला खोली देताना घरमालक काय काय विचारतात, ते ती सांगायची तेव्हा तिच्या आवाजाला धार चढायची.

ट्रॉली आमच्या दारात थांबली तेव्हा माझ्या वडिलांनी, सोपाननानांनी, गोठ्याशेजारची खोली झाडून, चुना मारून ठेवली होती.

"आक्का, आता हितंच राहायचं," ते म्हणाले. "कुठं जायचं न्हाई."

आत्या खोली बघून आली. "चांगली केलीस सोपाना," म्हणाली. "चार-सहा महिने राहीन. तवर माझं मी बघते."

नानांना ते लागलं. आईने, ठकूबाईने, त्या दिवशी पुरण घातलं होतं. नाना अर्ध्या ताटावरून उठले. मी नंतर आत्याला विचारलं, का गं असं बोललीस? ती म्हणाली, "मी पूर्वी राहिले होते ना ह्या घरात. सगळ्यांची जेवणं झाल्यावर तुझी आजी मला विचारायची, तू कधी जेवणार? वाईट मनाने नाही विचारायची. पण मला पुन्हा कुणी ते विचारायला नको आहे."

जागा तिच्याकडे होती, म्हणजे तिला तसं वाटत होतं. नोकरीत असतानाच तिने आमच्या पलीकडच्या एका गावात, उसाच्या रानाच्या कडेला तीन गुंठे विकत घेतले होते. साळुबाई नावाच्या म्हातारीने ते दिले होते. ह्या साळुबाईच्या लेकीचं अवघड बाळंतपण आत्याने केलं होतं, त्यातून ओळख. स्टॅम्पपेपर झाला, साक्षीदार झाले, पेढे वाटले. पण सातबाऱ्यावर नाव काही चढलं नाही. तलाठ्याने सांगितलं, एवढा बारका तुकडा कायद्याने विकताच येत नाही. सगळे घेतात, सगळे विकतात, पण नाव लागत नाही.

आमच्याकडे असं झालं की लोक सरळ चार भिंती उभ्या करतात आणि पुढचं पुढे बघतात. आत्याही तेच करणार होती. आम्ही पायाची आखणी करायला चुना टाकत होतो तेव्हा साळुबाईचा मुलगा सावळेराम आला. आईने त्याला न विचारता जमीन विकली ह्याचा त्याला राग होता.

"नर्सबाई, तुमचा मान हाय," तो म्हणाला. "तात्पुरतं काय ठेवायचं ते ठेवा. पण पाया घेतला तर मी कोर्टात जानार. सातबारा माझ्या बापाच्या नावावर हाय."

"अन् मी दिलेले पैसे कुणाच्या नावावर आहेत?"

"ते आईला इचारा," म्हणून तो निघून गेला.

साळुबाई तोवर मुलाशी भांडून रानातल्या छपरात एकटी राहायला लागली होती. तिला विचारून काय होणार?

महामार्गाच्या कडेला उत्तमचंद शेठचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि मागे कुंपण घातलेला भंगाराचा वाडगा. शेठचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण त्यांच्या तीन पिढ्या इथेच वाढलेल्या. आत्या तिथे पत्र्याची चौकशी करायला गेली होती. वाडग्यात एक पिवळी स्कूलबस उभी होती. कुठल्याशा इंग्रजी शाळेने काढून टाकलेली, तोडायला आलेली. आत्या आत चढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली आणि बाकड्यावर बसून राहिली. बऱ्याच वेळाने खाली आली आणि मला म्हणाली, "हिला पाया लागत नाही."

मला आधी समजलंच नाही.

शेठ चांगला माणूस. म्हणाला, "बाई, ही गाडी चालंल असं मी म्हणत न्हाई. पत्रा मात्र जाड हाय. पन बाईमानसानं गाडीत राहायचं म्हंजे..."

"मी कशात राहायचं ते सोडा. देणार का?"

भंगाराच्या भावात त्याने ती दिली. शेठचा मुलगा जिनेश कागदावर सह्या घेताना हसू दाबत होता. पुढे आत्याने त्याला त्यावरून ऐकवलंही.

घरी हे कळल्यावर नाना बोलायचेच थांबले. दोन दिवसांनी आईला म्हणाले, मला ऐकू जाईल असे, "लोक काय म्हनतील? भावाला चार खोल्या अन् बहीन मोटारीत." तरी ट्रॅक्टरला साखळी बांधून बस ओढायला मला त्यांनीच पाठवलं.

ती ओढत नेताना जे हाल झाले ते मीच जाणे. रानाकडे वळणारा रस्ता बैलगाडीपुरता. बसचं तोंड वळलं, पण ढुंगण वळेना. पुढे ओढ्यावरच्या मोरीत मागचं चाक उतरलं आणि बस एका अंगाला कलून बसली. मागे दोन उसाच्या बैलगाड्या खोळंबल्या. जो तो येऊन सल्ला देत होता. शेवटी एका शेतकऱ्याचं कुंपण तोडून, त्याच्या शिव्या खाऊन, दुसरा ट्रॅक्टर लावून आम्ही ती बाहेर काढली. कुंपण मला बांधून द्यावं लागलं. आत्या सगळा वेळ पुढे चालत होती, मागे वळूनही न बघता.

बस जागेवर आली, दगडांच्या थप्प्यांवर बसवली, चाकं आणि इंजिन काढून शेठला परत दिली. आता घर करायचं. बाकड्यांचे बोल्ट गंजून पत्र्याशी एकजीव झालेले. डिझेल ओतलं, घण मारले, एकही हलेना. वेल्डिंगवाला कुशाबा म्हणाला, गॅस कटरने कापू, परवा येतो. त्याचा परवा यायला पंधरवडा गेला. आला तेव्हा गॅस संपलेला. पुन्हा परवा. आत्या आमच्या खोलीतून रोज सकाळी बसपाशी जाऊन त्याची वाट बघायची आणि दुपारी उन्हाने लाल होऊन परत यायची. बाकडी निघाली तर जमिनीला सगळीकडे भोकं पडलेली. त्यावर फळ्या टाकल्या. मागच्या बाजूला मोठं दार कर म्हणून सांगितलं होतं, ते कुशाबाने मागेच, पण सपाट अंग सोडून नेमकं उताराच्या अंगाला केलं. दार उघडून पाऊल टाकलं की माणूस खाली.

"तुला डावं-उजवं कळतं का रे?" आत्याने विचारलं.

"तुमी म्हनला मागं. मागंच केलंय की," कुशाबा म्हणाला.

तिथे दगडांच्या पायऱ्या रचून घेतल्या. सावळेराम येऊन त्या पायऱ्या बांधकामात धरायच्या का, ह्याचा विचार करत उभा राहिला आणि गेला.

आत्या राहायला गेली फाल्गुनात. त्याच्यासारखी चूक नाही. होळीनंतर दुपारी बसच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसायचा. आत तर तव्यावर बसल्यासारखं. तिने छतावर गोणपाट टाकून ओलं केलं, तासात वाळलं. मग मी उसाचं पाचट आणून जाड थर दिला. गारवा आला, पण उंदीर आले आणि उंदरांमागे धामण आली. पावसाळ्यात पाचट कुजलं आणि प्रत्येक रिव्हेटमधून थेंब पडायला लागले. रात्रभर ती खाट इकडून तिकडे सरकवायची. सकाळी डबा घेऊन गेलो की डोळे सुजलेले. मी म्हणायचो, "आत्या, चल घरी." ती म्हणायची, "डबा ठेव अन् जा."

विजेचं तर विचारू नका. मीटरसाठी घराचा नंबर लागतो. ती पंचायतीत गेली, मी सोबत होतो. ग्रामसेवक म्हणाले, "बाई, हे घर नाही. हे वाहन आहे. वाहनाला आम्ही नंबर देत नाही, आरटीओ देतं."

म्हणून आरटीओत गेलो. तिथे आणखी निराळंच निघालं. गाडी आत्याच्या नावावर झालेली, म्हणून तिचा थकलेला कर आत्यानेच भरायचा होता.

"तिला चाकं नाहीत," आत्या म्हणाली. "इंजिन नाही. त्यात माझी चूल आहे."

"मग गाडी मोडीत काढल्याचा दाखला आणा."

"पण मोडली नाही ना मी. मी राहतेय तिच्यात."

"मोडली नाही म्हणजे गाडीच आहे," टेबलामागचा माणूस म्हणाला.

"तेवढं लिहून द्या, की ही गाडी नाही. म्हणजे पंचायत तिला घर म्हणेल."

"तसं लिहून देता येत नाही."

परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला वाटलं झोपली. मंचर गेल्यावर म्हणाली, "पोरगं जन्मलं की त्याचं नाव लावायला मी किती जणांना दाखले दिले रे. एकालाही परत पाठवलं नाही."

दोन वर्षं ती कंदिलावर राहिली. संडासाचाही तोच घोळ. खड्डा घ्यायचा म्हटलं की सावळेराम हजर.

दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या भागात बिबट्याची दहशत बसली. ऊस तोडायला लागले की ती जनावरं बाहेर पडायची. एका संध्याकाळी दिवेलागणीला बिबट्याने साळुबाईच्या छपरातून शेळी नेली, म्हातारी आत बसलेली असताना. ती काठी टेकत बसकडे आली आणि पायऱ्यांवरच बसली. आत्याने तिला आत घेतलं, दार लावलं. खिडक्यांना शाळेच्या वेळचे लोखंडी गज होतेच.

दुसऱ्या दिवशी सावळेराम आईला घरी न्यायला आला. म्हातारी म्हणाली, "म्या न्हाई येत तुझ्या घरी. हितं बरी हाय." तो तरी काय करणार? परत जाऊन तिचं अंथरूण घेऊन आला.

दोन-चार दिवसांत ऊसतोडीच्या बायका विचारत आल्या, पोरांना घेऊन झोपू का. त्यांच्या खोपी पाचटाच्या, उघड्या. आत्या नाही म्हणू शकली नाही. मग रोज अंधार पडायच्या आत बस भरायची. पोरं रडायची, खोकायची, कुणी फळीवर मुतायचं. गावातले लोक आता बसचं कौतुक करायला लागले. नानासुद्धा एकदा येऊन पत्र्यावर थाप मारून गेले. आत्या मात्र वैतागली होती.

"मला माझं दार पाहिजे होतं रे," ती मला म्हणाली. "माझ्या हाताने लावायचं अन् माझ्या हाताने उघडायचं. आता लावायचं तेवढं माझ्याकडे आहे. उघडायला पहाटेपासून रांग."

म्हाताऱ्या आईला अंधारात बाहेर जायला लागू नये म्हणून एका सकाळी सावळेरामनेच कुदळ आणली आणि बसच्या मागे खड्डा घ्यायला लागला. आत्या पायरीवर उभी राहून बघत होती.

"हे बांधकाम नाही का?" तिने विचारलं.

"खड्डा हाय," तो मान वर न करता म्हणाला.

त्यानेच पुढे स्वतःच्या मीटरवरून वायर ओढून दिली. एक बल्ब आणि एक पंखा. बिल मात्र बरोबर अर्धं मागायचा, आणि त्यावरून दर महिन्याला त्यांचं वाजायचं.

बिबटे पिंजऱ्यात धरून नेले, ऊसतोडीच्या टोळ्या आपापल्या गावी गेल्या, साळुबाई वर्षभराने वारली आणि सातबाऱ्यावर बापाच्या जागी सावळेरामचं नाव लागलं. आत्या राहिली. छताला मी दोनदा डांबर मारलं, तरी गळायचं ते गळतच होतं.

दोन हजार सहाच्या सुमाराला पंचायतीने सगळ्या घरांची नव्याने नोंद केली. बसवरही एक शिपाई येऊन लाल रंगात नंबर टाकून गेला. मी आत्याला एवढी हरखलेली कधी पाहिली नव्हती. तिने शिपायाला चहा पाजला. महिन्याभराने घरपट्टीची चिठ्ठी आली. तिच्यावर लिहिलं होतं, पत्र्याचे शेड, आणि मालकाचं नाव सावळेरामचं.

ती तडक पंचायतीत गेली. ग्रामसेवक नवे होते, नीट बोलणारे. म्हणाले, "बाई, जमीन ज्याच्या नावावर, शेड त्याच्या नावावर. जास्त ताणलं तर नोंदच रद्द होईल. जे झालं ते राहू द्या."

ती घरी आली आणि खाटेवर बसली. मला वाटलं आता रडणार, किंवा सावळेरामच्या दारात जाऊन आकाशपाताळ एक करणार. तिने दोन्हीही केलं नाही. बराच वेळ ती चिठ्ठी उलटीपालटी करून बघत राहिली. मग कनवटीची नोट काढून माझ्या हातात दिली.

"भरून ये," म्हणाली. "अन् पावती त्याला देऊ नकोस. माझ्याकडे आण."

दरवर्षी ती असाच कर भरते, सावळेरामच्या नावाने, आणि दरवर्षी पंचायतीत दोन शब्द ऐकवून येते.