गोधडीचा चौथा कोपरा

कचक्, कचक्. जुन्या लुगड्यांवर चालणारी वत्सलाबाईंची कात्री आज सकाळपासून माझ्या कानात वाजते आहे.

मित्रांनो, नव्वदच्या दशकात मी आदिलाबादजवळच्या तलमडुगूला मराठीचा मास्तर होतो. आदिलाबादच्या रद्दीत मला एक इंग्रजी कादंबरी मिळाली. अमेरिकेतल्या आमिश लोकांची प्रेमकथा! ही माणसं घोडागाडीने फिरतात आणि बाया एकत्र बसून चक्क गोधड्या शिवतात. त्यातल्या मुलीचा परगावच्या मुलावर जीव जडतो. आता गाव सोडावं, की त्याला?

शेजारच्या वत्सलाबाई तेव्हा माझ्यासाठी गोधडी शिवत होत्या. मी रोज संध्याकाळी, कविता शिकवायच्या सुरात, त्यांना एकेक प्रकरण मराठीतून सांगायचो.

शेवटची पानं फाटलेली निघाली. मी आपल्या मनानेच दोघांचं लग्न लावून टाकलं.

बाई हसल्या. "मास्तर, हे तुमी बनवून सांगून राह्यले. खरा शेवट आणा, मंग शिवीन चौथा कोपरा."

माझ्या गोधडीचा तो कोपरा अजून उघडाच आहे.

आज नातीने मागवलेलं तेच पुस्तक कुरिअरने आलं, पूर्ण. बाई आता नार्नूरला लेकीकडे असतात. आईला घेऊन ये म्हणायला लगेच लेकीला फोन लावला.

"आईचे गुडघे धरले, काका. तुमी वाचा अन् फोनवर सांगा."

दुपारपासून पुस्तक मिटलेलंच मांडीवर आहे. काय केलं असेल हो त्या मुलीने? तुम्ही असता तर न वाचता थांबला असता का?

हे लिहितानाच दार वाजलं. उघडलं, तर लेकीचा हात धरून वत्सलाबाई उभ्या. दुसऱ्या हातात सुईदोरा.

"एकटेच वाचून नाही ना राह्यले, मास्तर?"