तिकिटाला ओठ, दानाला आवाज

वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा आमच्या घरातून सगळ्यात आधी गेली ती जेवणारी माणसं. आई खाणावळ चालवायची. लालबागच्या त्या एका खोलीत गावाकडचे कामगार पाळीपाळीने जेवून जायचे, आणि त्यांच्या जेवणात आमचं जेवण निघायचं. भोंगा थांबला, माणसं गावी गेली, मोठी पातेली माळ्यावर गेली. वडील मंडपवाल्याकडे बांबू उचलायला लागले, तेही सणासुदीपुरतं. आई माझगावला बंदराजवळच्या शेडमध्ये कोळंबी सोलायला जाऊ लागली. बर्फातली कोळंबी. संध्याकाळी परत यायची तेव्हा बोटं पांढरी पडून सुजलेली असायची. माझी वेणी घालायला बसली की केस तिच्या हातात राहायचे नाहीत. शाळेत माझ्या शेजारच्या मुलीने नाक धरून बाक बदलला होता. हे मी दया यावी म्हणून लिहीत नाही. पुढे ज्या लोकांत मी जाऊन उभी राहिले त्यांना हे सगळं 'प्रेरणादायी' वाटलं, म्हणून जसं होतं तसं आधी सांगून ठेवते. त्यात प्रेरणा वगैरे काही नव्हती. वास होता.

एक गोष्ट मात्र त्या दिवसांतही चालू राहिली, गुरुवारचं भजन. आमच्याच मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत बुवा पेटी घेऊन बसायचे, मागे कोरसला पुरुष. वडील त्यांत. बायकांनी आत बसायचं नाही असा रिवाज. त्या बाहेर गॅलरीत कठड्याला टेकून गायच्या. आमच्या भजनाचा कायदा एकच होता. बुवांची ओळ संपायची वाट बघायची नाही. शेवटचा शब्द त्यांच्या तोंडातून सुटत असतानाच मागच्यांनी तो उचलायचा. मध्ये श्वासाएवढी जागा राहिली तरी बुवा पेटी थांबवायचे आणि म्हणायचे, "काय रे, फट पडली. वारो येता." मग सगळे हसायचे आणि ज्याच्यामुळे फट पडली तो मान खाली घालायचा. आई गॅलरीतून पुरुषांच्याही आधी उचलायची. तिच्या मांडीला टेकून मी तेच शिकले. गाणं मला दुसऱ्या कोणी शिकवलेलं नाही.

मी सकाळच्या कॉलेजात शिकून बी.कॉम. झाले. आमच्या सगळ्या कुळात पहिली. विमा कंपनीत लागले, आज तिथे अधिकारी आहे. हे मी कोणालाही, कुठेही सांगते. न सांगण्यासारखं त्यात काय आहे? वडील गेले, भजनाच्या खोलीत कोणाचं तरी कुरिअरचं गोदाम झालं, आणि गुरुवार हा नुसता वार राहिला. काही वर्षांपूर्वी दादरला एका शाळेच्या फाटकावर फलक वाचला: हौशी गायकांचा वृंद, दर रविवारी सकाळी सराव, वयाची अट नाही. चाचणीत मी एक ओवी म्हटली. संचालिका डोळे मिटून ऐकत होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या संगीत शिक्षिका. सगळे त्यांना ताई म्हणत. ताई म्हणाल्या, "अगं, किती मातीतला आवाज आहे तुझा!" मी खूश होऊन घरी आले. माती हा शब्द कोण कोणाला म्हणतं याकडे तेव्हा माझं लक्ष गेलं नव्हतं.

वृंदात निवृत्त बँक अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक, त्यांच्या सुना. बायकांना सारख्या जांभळ्या साड्या. दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत आमचा हंगाम असायचा. त्यात तिकिटाचे मोजके कार्यक्रम, आणि मधून मधून सेवेचे: वृद्धाश्रम, अंधशाळा, परळला इस्पितळाच्या मागची धर्मशाळा. मला हे सगळं आवडलं होतं. खोटं कशाला सांगू. रविवारी जांभळी साडी नेसून निघाले की आई दारात उभी राहून बघायची आणि शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारायची, "आज खय गो कार्यक्रम?"

तिला एकदा सभागृहात बसवून माझं गाणं ऐकवायचं, एवढीच माझी इच्छा होती. जन्मभर तिने गाणं दाराबाहेर बसून गायलं. एकदा तिने आत, खुर्चीत बसून आपल्या मुलीचा आवाज ऐकावा.

हंगामाचा पहिला कार्यक्रम गिरगावात होता. तिसऱ्या गाण्यात ताईंनी एक थांबा बसवला होता. ओळ संपली की सगळ्यांनी गप्प. ताईंचा हात वर. सभागृहात पूर्ण शांतता, आणि मग हात खाली आला की पुढची ओळ. सरावात मला ते जमायचं, कारण सरावात मी हाताकडे बघत होते. रंगमंचावर दिवे तोंडावर आले, ओळीचा शेवटचा शब्द सुटताना कानावर पडला, आणि माझ्या घशाने तो उचलला. त्या शांततेत माझा एकटीचा आवाज. मागून कोणीतरी "वा!" म्हणालं, त्याला वाटलं असणार तसंच बसवलंय. पुढच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. ताईंचा हात वरच राहिला.

विंगेत ताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं, चूक सगळ्यांकडून होते. पण तुझा आवाज ना, मिसळत नाही. उघडा आहे. पुढच्या कार्यक्रमाला असं कर, नुसते ओठ हलव. रांग भरलेली दिसली पाहिजे."

"म्हणजे गायचं नाही?"

"तात्पुरतं गं. लगेच मनाला लावून घेऊ नकोस."

पुढचा कार्यक्रम परळच्या धर्मशाळेत होता. तिथे गावाहून आलेले रोगी आणि त्यांची माणसं राहतात. कोणाच्या नाकात नळी, कोणाच्या डोक्यावर केस नाहीत. मी ओठ मिटून उभी राहिले, तर ताई स्वतः जवळ आल्या. "इथे गा तू. मोकळी गा. इथे काय, सगळं चालतं." मला वाटलं, माफ केलं. त्यानंतर वृद्धाश्रमातही मी गायले. मग तिकिटाचा कार्यक्रम आला आणि साडीच्या निऱ्या करता करता ताई हळूच म्हणाल्या, "आज ओठच हं." तेव्हा मला हिशेब कळला. ज्यांनी तिकीट काढलं त्यांना माझे ओठ, आणि ज्यांना फुकट मिळणार त्यांना माझा आवाज.

माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या निवृत्त प्राध्यापिका एकदा म्हणाल्या, "तुझी मजा आहे बुवा. घसा वाचतो."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही घ्या ना ही मजा. बदला माझ्याशी." त्या जोरात हसल्या. मी विनोद केला असं त्यांना वाटलं.

धर्मशाळेतला तो दिवस मी विसरत नाही, आणखी एका कारणाने. कार्यक्रमाआधी आमच्यातल्या दोघी बिस्किटांचे पुडे वाटत होत्या आणि रोग्यांना पुढे पुढे बसवत होत्या, "इकडे या, इकडे, फोटोत आलं पाहिजे." कार्यक्रम संपल्यावर नवऱ्याला घेऊन आलेल्या एका बाईने माझा पदर धरला.

"बाय, तू खयची?"

"लालबागची."

"तसा नाय गो. गाव खयचा?"

मी गाव सांगितलं. तिचं माहेर खाडीच्या पलीकडे निघालं. म्हणाली, "मग एक गजर म्हण मगे. ह्यांका बरा वाटात." मी तिथेच जमिनीवर बसले आणि वडिलांच्या भजनी मंडळाचा एक गजर धरला. माझी ओळ संपायच्या आत तिने उचलली. तिच्या नवऱ्याने उचलली, आवाज कसला, नुसता वारा येत होता त्याच्या घशातून, पण बरोबर जागेवर. भिंतीशी बसलेल्यांनीही उचलली. कुठे फट नाही. इतक्या वर्षांनी माझ्या मागे कोरस होता. दोन आवर्तनं झाली नसतील तोच ताई टाळ्या वाजवत आल्या. "सुंदर, सुंदर! चला आता, बस खाली उभी आहे." निघताना बसमध्ये सगळ्या म्हणत होत्या, या लोकांना किती आनंद दिला आज आपण.

जानेवारीत दादरच्या मोठ्या सभागृहात कार्यक्रम होता आणि आईने हट्ट धरला. गुडघे दुखत होते तरी आली. मी तिला सांगू शकले नाही. तिकीट काढून तिला पाचव्या रांगेत बसवली, आणि रंगमंचावर जाऊन तिच्यासमोर पूर्ण कार्यक्रमभर तोंड उघडलं आणि मिटलं. शब्द अचूक, चेहरा हसरा. मला हे चांगलं जमायला लागलं होतं, याचीच मला किळस आली.

घरी आल्यावर आईने साडी बदलली. पाणी प्यायली. मग म्हणाली, "तू गायलंस नाय."

"गायले की. एवढ्या माणसांत एकटीचा आवाज कसा कळणार?"

"माका शिकवू नको. तुजो बापूस जेवान गाता काय उपाशी गाता, ता माका गॅलरीत बसान कळायचा. तुजो आवाज माका कळाचो नाय? तोंड हलवक एवढी साडी नेसान गेलंस?"

मी सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल, सोड तो वृंद. ती एवढंच म्हणाली, "मी बाहेर बसान गायलंय. पण गायलंय."

हंगामाचा शेवटचा कार्यक्रम त्याच सभागृहात होता. तिकिटाचा, पण गरजू मुलांच्या शिक्षणासाठी. सरावानंतर ताईंनी मला थांबवलं. डोळे चमकत होते. "तू दोन मिनिटं बोलायचंस. गिरणी कामगाराची मुलगी, घरातली पहिली पदवीधर! आईचं ते कोळंबीचं पण सांग. लोक हेलावून जातील. आणि खणखणीत बोल हं, शेवटच्या रांगेपर्यंत गेलं पाहिजे."

"आणि गाण्यात?"

"गाण्यात आपलं ठरलंय तेच."

"ताई, माझ्या आईची बोटं सांगायला माझा आवाज चालतो, आणि गायला चालत नाही?"

"किती कडू बोलतेस गं. तुझ्या चांगल्यासाठीच म्हणते ना मी?"

"मी बोलणार नाही. मी गाईन. तो थांबा मी घोटलाय. चुकले तर हाकला."

"बघू," ताई म्हणाल्या. तो 'बघू' मी ऑफिसात रोज ऐकते. त्याचा अर्थ नाही असा असतो.

थांबा मी खरंच घोटला होता. ओळ संपली की जीभ दाताखाली धरायची आणि हात खाली येईपर्यंत सोडायची नाही. अंगवळणी पडलेलं गाणं असं दाताखाली दाबताना घरातल्या घरात मला रडू यायचं. पण दाबलं. मला त्यांच्या हातात कारण द्यायचं नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी आई पुन्हा पाचव्या रांगेत. पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधीच निवेदिकेने माझी सगळी कहाणी माइकवरून सांगितली. बर्फ, बोटं, बंद गिरणी, पदवी. माझ्याकडून नाही मिळाली तर तिने स्वतःच उरकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणाली, "आता त्यांच्याच तोंडून दोन शब्द." ताई माझ्याकडे बघून मान डोलवत होत्या. मी पुढे गेले. माइक माझ्या उंचीला नव्हता, तो खाली केला.

"नमस्कार. मी या वृंदात गाते," एवढं बोलून मी माझ्या जागेवर परत आले.

सभागृहाने ते ऐकलं होतं. आता मला गाण्यावाचून इलाज नव्हता, आणि ताईंना मला गाऊ दिल्यावाचून. त्यांनी हात वर केला. पेटी सुरू झाली. मी गायले. उघडा म्हणा, मातीतला म्हणा, होता तेवढा आवाज लावून पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत गायले. थांबा आला तेव्हा जीभ दाताखाली धरली, हात खाली आला तेव्हा सोडली. कोणी हसलं नाही. शेजारच्या प्राध्यापिका दोनदा माझ्याकडे वळून बघत होत्या. ताईंनी एकदाही बघितलं नाही.

विंगेत कोणी माझ्याशी बोललं नाही. फोटोला मला कडेला उभं केलं. पुढच्या दिवाळीआधी सरावाचा मेसेज सगळ्यांना गेला, मला आला नाही. व्हॉट्सॲपच्या गटातून मला कधी काढलं तेही मला कळलं नाही. फोन करून विचारलं तर ताई म्हणाल्या, "अगं, यंदा आवाज जरा जास्त झालेत." मी त्यांना बरं म्हटलं. जांभळी साडी मी अजून नेसते, ऑफिसला.

त्या संध्याकाळी सभागृहाच्या पायऱ्या उतरताना आईने माझा हात धरला होता. खाली पोचल्यावर म्हणाली, "तिसऱ्या गाण्यात सगळीच थांबलास कित्याक? केवढी फट पडली."

"ती मुद्दाम ठेवलेली असते, आई."

"मुद्दाम?" तिला ते पटलं नाही. थोडं चालून झाल्यावर म्हणाली, "बाकी आयकलंय मी. सगळा आयकलंय."

माझी आई सभागृहात आत, खुर्चीवर बसली होती. मी रंगमंचावर सगळी गाणी आवाजात गायले, आणि तिने ती ऐकली.